रिपोर्ट ‘असामान्य’ आल्यानंतरची तीन वर्षं : कॉल्पोस्कोपी क्लिनिकचा रिव्ह्यू (माझं वय ६७)

मी एरवी रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही, पण हा लिहायचाच असं ठरवून बसलेय. माझा पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी रात्र रात्र मोबाइलवर दुसऱ्या बायकांचे अनुभव शोधत होते आणि जे सापडले ते सगळे तिशी-पस्तिशीतल्या मुलींचे, पुढे मूल होईल का, गरोदरपणात त्रास होईल का, त्यांचे प्रश्न खरेच आहेत त्यात वाद नाही, पण माझी पाळी जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. माझे प्रश्न वेगळे होते. या वयात हे आलंच कुठून, तपासणी इतकी का दुखते, आणि आता पुढे मी काय करायचं, थांबायचं की कापून काढायचं. यावर कोणी काही लिहिलेलंच दिसेना. म्हणून सविस्तर लिहितेय, लांब होईल.

दोन ठिकाणांबद्दल लिहिणार आहे, एक जिथे पॅप (पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही या विषाणूची टेस्ट झाली ते तपासणी केंद्र आणि दुसरं ते कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघायची तपासणी) क्लिनिक जिथे मला पुढे पाठवलं. नावं मुद्दाम देत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाची बदनामीही नको. सेवा कशी असावी नि कशी नसावी एवढंच सांगायचंय.

आधी केंद्र. ५ पैकी २.

मी ६४ व्या वर्षी गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, आता ही शेवटचीच हो, पुढच्या वर्षापासून सुटलात. बऱ्याच देशांत ६४-६५ ला नेहमीची तपासणी थांबवतात हे खरंय, पण ते आधीचे सगळे रिपोर्ट सलग चांगले असतील तर, हा अर्धा भाग कोणी सांगत नाही. मी पण तेवढंच ऐकलं, सुटले. आणि शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ आली. एचपीव्ही पॉझिटिव्ह, पेशींमध्ये असामान्य बदल, १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी. बस. खाली ना फोन नंबर, ना एक ओळ की बाई घाबरू नका याचा अर्थ असा असा होतो. शनिवार-रविवार सगळं बंद. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत, सोमवारी फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली रिपोर्टमध्ये लिहिलंय ना एक वर्षानी या म्हणून, मग या.

मला तेव्हा कोणी पाच मिनिटं देऊन सांगायला हवं होतं ते मी इथे सांगते, कारण कोणीतरी आज रात्री माझ्यासारखीच जागी असेल. असामान्य म्हणजे कॅन्सर नाही. एचपीव्ही हा विषाणू, त्याच्या काही प्रकारांमुळे पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदलायला लागतात, त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून अशा कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के कॅन्सरना कारण असतात, आणि बाकीचे काही ‘इतर हाय रिस्क’ म्हणून लिहितात. माझ्यात ते इतर होते. बहुतेक जणींचं शरीरच वर्ष-दोन वर्षांत विषाणूला आवरतं. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्या पेशी हळूहळू बदलत जातात, त्याला सीआयएन १, २, ३ अशा पायऱ्या आहेत, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारणपणे १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर लवकर. म्हणजे त्या शुक्रवारी रात्री काहीही घडणार नव्हतं. हे कळलं असतं तर मी झोपले असते.

पण झोप उडायचं खरं कारण दुसरंच होतं, ते लिहायला जड जातंय तरी लिहिते. एचपीव्ही शोधलं तर पहिल्याच ओळीत येतं की लैंगिक संबंधातून पसरतो. माझे मिस्टर जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आमचा ३५ वर्षांचा संसार. आणि मी अंधारात पडल्या पडल्या गेलेल्या माणसाबद्दल नाही नाही ते विचार करत होते, कधी कुठे गेले होते, कोणत्या वर्षी बदली होती. स्वतःचीच लाज वाटायची. लेकाला सांगायचा प्रश्नच नव्हता, सुनेलाही नाही, शेवटी धाकट्या बहिणीला सांगितलं तेही पंधरा दिवसांनी, आणि विषाणूचं नाव न घेता, नुसतं पिशवीच्या तोंडाला काहीतरी आलंय म्हणून.

असं ते एक वर्ष गेलं. १२ महिन्यांनी पुन्हा त्याच केंद्रात. आतून तपासायचं ते अवजार घालताना मला इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं आणि नंतर अंगावरून थोडं रक्तही गेलं. ती मुलगी म्हणाली, अहो काकू सैल सोडा ना, तुम्हीच आवळून धरताय. आणि मी तिला सॉरी म्हटलं. मी! हे आठवलं की अजून वाईट वाटतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, ताणली की चिरते, रक्त येतं. ती मी आवळून धरलेली नव्हती. लहान आकाराचं अवजार असतं, ते त्यांच्या ट्रेमध्ये होतंही, फक्त कोणाला वापरायचं सुचलं नाही.

दोन स्टार दिले ते एवढ्यासाठी की टेस्ट नीट झाली, बदल त्यांनी पकडला आणि १२ महिन्यांनी बोलावणं आठवणीनं, ठरल्या तारखेला आलं. त्या बोलावण्याची किंमत मला कळते. बाकी नाही.

दुसऱ्यांदाही एचपीव्ही पॉझिटिव्ह, तोच प्रकार, म्हणजे तो टिकून राहिला होता. म्हणून कॉल्पोस्कोपीला पाठवलं.

आता क्लिनिक. ५ पैकी ४, आणि पाचवा का नाही ते पुढे सांगते.

पहिली गोष्ट. मी कपडे बदलायच्या खोलीकडे निघाले तर सिस्टर म्हणाल्या, काकू आधी खुर्चीत बसा, आज आधी बोलू, तपासायचं मग बघू. मला इतकं बरं वाटलं ना. तोवर सगळीकडे आधी झोपा आणि मग वरून बोलणार, तुम्ही पाय वर करून पडलेल्या आणि समोरचा माणूस तुमच्या गुडघ्यांच्या पलीकडून प्रश्न विचारतोय. अशा वेळी काय बोलणार बाई. इथे टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, मी पूर्ण कपड्यांत, आणि त्यांनी विचारलं की रिपोर्ट आल्यापासून सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली. मी ‘कॅन्सरची’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिस्टरांचंच निघालं. त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काकू, हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, टेस्टमध्ये सापडणारही नाही इतका, वय वाढलं प्रतिकारशक्ती जरा ढिली पडली की पुन्हा दिसायला लागतो. तो कधी आला, कोणाकडून आला हे जगातली कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असेल, कोणाकडूनही असेल, संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. या रिपोर्टवरून तुम्ही कोणाबद्दलच काही ठरवू नका.

दीड वर्ष मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. या एका बोलण्यासाठीच पाचच्या पाच स्टार द्यायला हरकत नाही खरं तर.

मग प्रश्न. गुडघे, कंबर, खुबे कसे आहेत, पाय किती वर घेता येतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. पेसमेकर आहे का. लघवीला जळजळ होते का, खाली कोरडेपणा जाणवतो का, मागच्या तपासणीत दुखलं का. पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून लाल गेलंय का. आणि यावर त्या थांबून म्हणाल्या की काकू, पुढे कधीही, रिपोर्ट कितीही चांगला आलेला असो, पाळी बंद झाल्यावर अंगावरून रक्त गेलं, अगदी डाग लागला तरी, पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. हे मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय आणि इथेही सांगते.

त्या दिवशी तपासणी केलीच नाही. तीन आठवडे आतून लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, तपासणीच्या दोन दिवस आधी बंद करायला सांगितलं. मला आधी वाटलं आता अजून उशीर, पण कारण पटलं, कोरड्या पातळ पेशी मायक्रोस्कोपखाली कधीकधी बिघडलेल्या पेशींसारख्याच दिसतात त्यामुळे रिपोर्टचा घोळ होतो, आणि क्रीममुळे त्वचा सुधारली की दिसतंही नीट नि दुखतंही कमी. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी मात्र आपल्या त्या डॉक्टरांना विचारूनच लावायचं, हेही सांगितलं. फरक खरंच पडला. तीन आठवड्यांनी तेच अवजार, लहान मापाचं, कोमट करून, भरपूर जेल लावून. अवघडलेपणा होता पण पहिल्यासारखं डोळ्यांत पाणी नाही आलं. माझा डावा खुबा आखडतो तर त्या पायाखाली उशी दिली, आणि म्हणाल्या की अगदीच जमत नसेल तर कुशीवर झोपवूनही करतात काही जणींचं. हात वर केलात की आम्ही थांबणार, असं आधीच ठरवलं. मी एकदा वर केला. थांबले.

कॉल्पोस्कोपी म्हणजे काय याची मला फार धास्ती होती, नावच असलं. पण ते यंत्र आत जातच नाही, बाहेरूनच बघायची दुर्बीण असते ती, उजेड आणि भिंग. १९२५ साली हान्स हिन्सेलमान नावाच्या जर्मन डॉक्टरांनी काढली, म्हणजे नुकतीच शंभरी झाली तिची. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरमधलंच पण पातळ ॲसिड लावतात, बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसायला लागतात. मग आयोडीन, निरोगी भाग तपकिरी होतो, बदललेला फिका राहतो. आमच्या वयात सगळंच थोडं फिकं राहतं म्हणे, इस्ट्रोजेन कमी म्हणून, त्यामुळे बघणाऱ्याचा हात अनुभवी लागतो. समोर स्क्रीन होती, बघायचंय का विचारलं, मी नको म्हटलं तर लगेच फिरवून ठेवली. ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं, शेजारच्या एक बाई म्हणाल्या बघितल्यावरच माझी भीती गेली.

आणि इथे मुख्य गोष्ट आली. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मला उठू दिलं, कपडे करू दिले, मग कागदावर चित्र काढून सांगितलं. पिशवीच्या तोंडाला बाहेरची त्वचा आणि आतली त्वचा जिथे मिळतात ती एक सीमा असते, बदल बहुतेक करून तिथेच सुरू होतात. तरुणपणी ही सीमा बाहेर, दिसेल अशी असते. पाळी गेल्यावर ती वर सरकत सरकत आतल्या नळीत जाते. माझी पूर्ण आत गेलेली, बाहेरून दिसतच नव्हती, याला टाइप ३ म्हणतात. म्हणजे जिथे बघायला हवं तीच जागा दिसत नाही. रिपोर्टमध्ये याला तपासणी अपुरी असं लिहितात आणि ते वाचून बाईला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे किंवा डॉक्टरांना येत नाही. दोन्ही नाही. वयानुसार होतं. याच कारणामुळे नुसतं ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची जी साधी तपासणी असते ती पाळी गेलेल्या बायकांत फारशी कामाची नाही, एचपीव्हीची टेस्ट मात्र चालते कारण तिला ती सीमा दिसावी लागत नाही.

बाहेरून दोन ठिकाणचे तुकडे घेतले आणि नळीत बारीक ब्रशसारखं घालून खरवडून घेतलं. खोटं बोलणार नाही, खरवडताना दुखतं, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ, मिनिटभर. आधी तासभर पेनकिलर घेऊन या असं त्यांनी सांगितलेलं होतं ते बरं झालं.

रिपोर्ट दोन आठवड्यांत म्हणाले होते, पाच आठवडे लागले. अर्धा स्टार इथे कमी. दोनदा मी फोन केला तेव्हा कळलं की अजून आलाच नाही, पण हे त्यांनी स्वतःहून कळवायला नको का? वाट बघणाऱ्या बाईला ‘अजून आला नाही’ हेसुद्धा कळवावं लागतं.

बाहेरचे तुकडे सीआयएन १, म्हणजे सौम्य. नळीतला नमुना मात्र फार थोडा, त्यावरून काही सांगता येत नाही असा शेरा. मग आता काय?

तर हा रिव्ह्यू मी ज्या भेटीसाठी लिहितेय ती ही. डॉक्टर म्हणाल्या दोन रस्ते आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एक, आत्ता काही कापायचं नाही, ठरावीक महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही आणि पेशींची टेस्ट, गेलं तर उत्तम, राहिलं किंवा वाढलं तर तेव्हा बघू. दुसरा, लीप, म्हणजे विजेच्या तारेच्या बारीक फाशाने पिशवीच्या तोंडाचा तो भाग, नळीच्या सुरुवातीसकट, काढून पूर्ण तपासायला पाठवायचा. पहिल्यात शरीराला त्रास नाही पण न दिसणाऱ्या जागेत काय आहे ते कळत नाही. दुसऱ्यात कळतं, पण रक्तस्राव होऊ शकतो, इन्फेक्शन होऊ शकतं, आणि आपल्या वयात महत्त्वाचं म्हणजे ते तोंड नंतर आखडून बंद होऊ शकतं, मग पुढे नमुना घेणं अवघड होऊन बसतं. आणि इतकं करून काढलेल्या तुकड्यात काहीच नाही निघालं असंही होतं, तेव्हा उगाच केलं असं वाटायला नको म्हणून आधीच सांगते, हेही त्या म्हणाल्या.

मी तोवर भीतीनं पार वैतागलेली, म्हटलं डॉक्टर मला आता मूलबाळ व्हायचं नाही, सगळी पिशवीच काढून टाका ना, कटकट मिटेल. बऱ्याच बायकांना हेच वाटतं, माझ्या बहिणीनंही हाच सल्ला दिला होता. त्यांनी मला झिडकारलं नाही. म्हणाल्या, काकू, आत नेमकं काय आहे हे कळायच्या आधी पिशवी काढली आणि मागून त्यात कॅन्सर निघाला तर ते ऑपरेशन अपुरं पडतं, कारण कॅन्सर असेल तर ऑपरेशनची पद्धतच वेगळी असते. आणि नुसत्या बदललेल्या पेशी असतील तर एवढं मोठं ऑपरेशन लागतच नाही. शिवाय पिशवी काढली म्हणून तपासण्या संपत नाहीत, असे बदल होऊन गेलेल्या बाईच्या योनीमार्गाचा वरचा भाग पुढेही तपासावाच लागतो. हे मला ६५ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? त्या म्हणाल्या, मी सांगेन, पण आधी मला सांगा तुम्हाला कशाने जास्त त्रास होईल, एक वर्ष न कळता थांबण्याने की एक छोटं ऑपरेशन करून घेण्याने. आणि दोन आठवडे घेऊन विचार करा म्हणाल्या, मोठ्या अक्षरात छापलेला एक कागद दिला (चष्म्याशिवाय वाचता आला), सिस्टरांचा थेट नंबर दिला, आणि पुढच्या वेळी घरातलं कोणी बरोबर आणायचं असेल तर आणा, एकटं यायचं असेल तर तसं या. मी बहिणीला घेऊन गेले आणि त्या दिवशी तिला विषाणूचं नावही सांगितलं. तिने एवढंच विचारलं की अगं मग इतके दिवस एकटीच का झुरलीस.

मी लीप निवडलं. मला न कळता राहवत नाही, माझा स्वभावच तो, आधीचं एक वर्ष त्याच न कळण्यात गेलेलं. पण तिथेच ओळख झालेल्या एक बाई, वय ७०, त्यांचंही टाइप ३, त्यांचा नळीतला नमुना पुरेसा आला होता आणि त्यात काही नव्हतं. त्यांनी थांबायचं ठरवलं कारण त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत आणि कापाकापीची त्यांना जास्त धास्ती. वर्षाने त्यांची एचपीव्ही निगेटिव्ह आली. आम्ही दोघी एकमेकींशी फोनवर बोलतो. त्यांचा रस्ता मला झेपला नसता आणि माझा त्यांना, आणि दोघींनाही पश्चात्ताप नाही, कारण दोघींना नीट विचारलं होतं.

लीपच्या दिवसाबद्दल थोडक्यात. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. ते इंजेक्शन दिलं की छाती धडधडते, पाय थरथरतात, त्यात ॲड्रेनालिन असतं म्हणून, दोन-चार मिनिटांत थांबतं. मला आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही, नाहीतर वाटलं असतं हार्ट अटॅक आला. मांडीला एक चिकटपट्टी लावतात, यंत्राचा धूर ओढायचा आवाज येतो, जळाल्यासारखा वास येतो. सगळं धरून पंधरा मिनिटं. सिस्टर पूर्ण वेळ माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, पायाशी नाही.

नंतर काही दिवस काळपट, दाणेदार असं अंगावरून जातं, रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचं ते. मग पाणी पाणी. चार आठवडे काही जड उचलायचं नाही, आत काही घालायचं नाही, संबंध नाही. हा शेवटचा मुद्दा मला सांगताना त्या अडखळल्या नाहीत आणि ‘या वयात तुम्हाला काय म्हणा’ असंही म्हणाल्या नाहीत, साठीनंतर बाईचं ते आयुष्य संपलं असं त्यांनी गृहीत धरलं नाही हे मला आवडलं.

नवव्या दिवशी रात्री अचानक लाल भडक रक्त. खपली पडते तेव्हा आठ-दहा दिवसांनी असं होऊ शकतं हे कागदावर होतं, पण रात्री एकटीने बघितलं की हातपाय गळतात. दिलेल्या नंबरवर फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज, सकाळी फोन करा. इथे माझा पाचवा स्टार गेला. कागदावर ‘तासाला एक पॅड भिजत असेल तर थेट इमर्जन्सीला जा’ असं लिहिलेलं होतं, म्हणून मी घड्याळ लावून बसले, तास गेला, दोन तास गेले, पॅड अर्धंच भिजलं, पहाटे थांबलं. सकाळी साडेआठला सिस्टरांचा स्वतःहून फोन आला, मिस्ड कॉल बघून. त्या चांगल्याच आहेत, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला रात्री माणसाचा आवाज ऐकू यायला पाहिजे. मी हे त्यांना लेखी कळवलंय.

बारीकसारीक तक्रारी आणखी दोन. वाट बघायची जागा गरोदर बायकांबरोबर एकच, भिंतीवर सगळी पोस्टरं तरुण मुलींची, आपण चुकीच्या ठिकाणी आलोय असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये या कॅन्सरला संपवायची जी योजना काढली त्यातही तपासणीचं उद्दिष्ट ३५ आणि ४५ वयाचं आहे, जास्तीत जास्त जीव वाचावेत म्हणून ते तसं ठरवलंय हे मला समजतं, आणि २०२२ मध्ये जगात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला नि साडेतीन लाख गेल्या, तेव्हा तरुणींना गाठणं हवंच. पण त्या आकड्यांत आमच्या वयाच्याही आहेत. एखादं पोस्टर पांढऱ्या केसांचं लावा की. आणि दुसरी, तपासणीच्या टेबलावर चढायला पायरी नव्हती, गुडघे धरलेल्या बाईने कसं चढायचं.

काढलेल्या तुकड्यात आत नळीमध्ये सीआयएन २ निघालं. म्हणजे बाहेरून जे सौम्य वाटत होतं त्याच्या आत जास्त होतं. कडा स्वच्छ आल्या, म्हणजे तुकड्याच्या काठापर्यंत बदल पोचलेले नव्हते. सहा महिन्यांनी एचपीव्ही निगेटिव्ह, आणि त्यानंतर एका वर्षाने पुन्हा निगेटिव्ह. तो पहिला निगेटिव्ह त्यांनी मेसेजवर नाही पाठवला, सिस्टरांनी फोन करून सांगितला.

आता फॉलोअप. मला वाटायचं ६५ झालं, आता संपलं. तर नाही, एकदा असे बदल काढून टाकले की वय काहीही असो पुढे तपासत राहावं लागतं. नियम देशोदेशी वेगळे आहेत, अमेरिकेतल्या मार्गदर्शनात तर उपचारानंतर निदान २५ वर्षं असं आहे. मला कसं हवंय हे त्यांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं : पुढची तारीख निघायच्या आधी हातात हवी, शक्य तोवर त्याच सिस्टर हव्यात, चांगला असो वाईट असो रिपोर्ट फोनवर माणसाने सांगायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी नाही. घरच्या घरी स्वतः नमुना घ्यायची किट असते तेही विचारलं, एचपीव्हीसाठी तो चालतो आणि अवजाराचं दुखणं टळतं, पण माझं लीप झालेलं असल्यामुळे आत्ता तरी नळीतला नमुना त्यांनाच घेऊ दे म्हणाल्या, पुढे बघू. ठीक आहे. ज्या बायका दुखतं म्हणून तपासणीच टाळतात त्यांनी मात्र याबद्दल जरूर विचारावं.

तपासणीआधी तीन आठवडे क्रीम लावायचं हे आता माझ्या फाइलवर लाल शाईने लिहिलेलं आहे, मला दर वेळी सांगावं लागत नाही. मागच्या महिन्यात गेले तेव्हा रात्रीच्या फोनचं अजून काही झालेलं नव्हतं, विचारलं तर चालू आहे म्हणाले, मी पुन्हा विचारणार आहे. टेबलाला पायरी बसवलीय, रुंद आहे, बाजूला धरायला दांडी पण आहे.